सहीच्या खाली

रविवार, ४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू दर दोन वाक्यांनी लाइन खराब आहे म्हणतेस आणि मग एकटीच बोलत सुटतेस. पत्रात निदान माझं बोलणं पुरं होतं. शिवाय आज रविवार. हॉस्टेल सोडून पंचावन्न वर्षं झाली, तरी रविवारी दुपारी माझा हात आपोआप कागद शोधतो.

बातमी अशी की मला कानाचं मशीन लागलं. एक नाही, दोन. तपासणीची खोली म्हणजे स्पंज लावलेलं कपाटच. दार तिजोरीसारखं जाड. आत बसवून कानांवर हेडफोन चढवला आणि हातात एक बटण दिलं. शिट्टीसारखा आवाज येईल, कितीही बारीक असला तरी आला की बटण दाबायचं, असं तपासणाऱ्या मुलीनं सांगितलं आणि ती काचेपलीकडे जाऊन बसली. गंमत म्हणजे काचेतून तिचं कोपर दिसत होतं. आवाज सोडताना दर वेळी ते अर्धा इंच वर जायचं. डोळे उघडे ठेवले असते तर पैकीच्या पैकी मार्क. तू असतीस तर नक्की पहिली आली असतीस. मी मात्र डोळे मिटून घेतले. बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच वाटलं की नापास व्हायला काही हरकत नाही.

मग तिनं आलेख दाखवला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या, आणि दोन्ही रेषा घसरगुंडीवरून उतरल्यासारख्या खाली गेलेल्या. ती म्हणाली, आधी जातात ते बारीक, उंच आवाज. पाखरं, दारावरची घंटा आणि लहान मुलांचं बोलणं.

घरी आले तर मोरीतला नळ ठिबकत होता. मास्तरांना विचारलं, हा कधीपासून, तर म्हणाले दोन वर्षं. मला वाटायचं लग्नाला सदतीस वर्षं झाली की नवरे आपोआप कमी बोलतात. हे तर दिवसभर बोलत होते, बिचारे. वर्तमानपत्राचं पान उलटलं की पत्रा वाजल्यासारखं वाजतं, आणि स्वतःच्या चपलांना मी दोनदा कोण आलं म्हणून विचारलं.

लहान मुलांचं नाव काढल्यावर मला तू आठवलीस. उन्हाळ्यात तू इथे होतीस तेव्हा मी मागून हाक मारली तर तू ओ दिली नाहीस. ताई, तूही एकदा तपासून घे. दुखत नाही, टोचत नाही, फक्त बटण दाबायचं.

कळावे. लोभ आहेच, तो वाढवलास तर माझी ना नाही.

तुझी,
मुंगी

ता. क. आठवतं का, हॉस्टेलच्या सिस्टर आपली घरी जाणारी पत्रं वाचायच्या, पण सही आली की वाचायचं थांबवायच्या. म्हणून सहीच्या वर आपण लिहायचो, मी मजेत आहे, जेवण चांगले असते, सिस्टर प्रेमळ आहेत, काळजी नसावी. आणि खरं काय ते सहीच्या खाली. म्हणून हेही इथेच लिहिते. मला तुझी भीती वाटते. तुझ्याकडे नऊ मुलं असतात.


रविवार, ११ जानेवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद, आणि दोन नव्या कानांना वेगळे.

तुझं पत्र मी शिंपीदादांना वाचून दाखवलं. पलीकडच्या दुकानात मशीन चालवता चालवता ते एवढे हसले की बाहीला कॉलर लावली. मास्तरांचा नळ आता तरी दुरुस्त होऊ दे.

माझं म्हणशील तर मी ठणठणीत आहे. उन्हाळ्यात तू मागून हाक मारलीस, पण तू नेहमीच खालच्या पट्टीत बोलतेस, तुझं मांजरसुद्धा तुला ओ देत नाही. पाळणाघराला या महिन्यात अठ्ठावीस वर्षं झाली. त्याच दोन खोल्या, दप्तरांसाठी गुडघ्याएवढ्या उंचीवर ठोकलेल्या त्याच खुंट्या. फक्त मुलं बदलतात, म्हणजे मोठी होतात आणि मला ओळखेनाशी होतात. सध्या नऊ आहेत. त्यातला एक अकरा महिन्यांचा, गंभीर, पोट पुढे काढून बसतो. त्याला आम्ही पंतप्रधान म्हणतो. आणि एक तीन वर्षांची बडबडी आहे. ती जेवताना बोलते, शी करताना बोलते, झोपेतही ओठ हलवते. सकाळी येणाऱ्या मावशी म्हणतात की या मुलीला एक बटण हवं होतं, बंद करायचं.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे तपासणीही होणार आहे. मार्चअखेर परवान्याचं नूतनीकरण आहे, आणि साठीच्या पुढच्या बाईनं डोळ्यांचं व कानांचं प्रमाणपत्र द्यायचं, असं परवाना खात्याच्या बाईंनी कळवलंय. फॉर्म आला आहे. तेव्हा तुझ्या त्या तिजोरीत मीही जाऊन येते.

कळावे. लोभ असू दे, दटावणी कमी कर.

तुझी,
ताई

ता. क. फोनची लाइन चांगली असते.


रविवार, ८ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

पेढे वाट. पास झाले. प्रमाणपत्रावर लिहिलं आहे की दोन्ही कान वयाच्या मानाने उत्तम. परवान्यापुरतीच तपासणी होती, पाच मिनिटांत आटोपली. तपासणारी मुलगी म्हणाली की सदुसष्टाव्या वर्षी असे कान तिनं पाहिले नाहीत. मी तिला सांगितलं की आमच्याकडे सगळे असेच. तुझं नाव अर्थातच काढलं नाही.

प्रमाणपत्र दाराजवळ लावलं आहे. आया येता-जाता वाचतात. बडबडीच्या आईला मी कौतुकानं दाखवलं. ती हसून म्हणाली, आता ही काय काय बोलते ते सगळं तुम्हाला ऐकावं लागणार.

पंतप्रधानांना दात येतो आहे. मंत्रिमंडळ हैराण.

कळावे. लोभ चालू ठेव, मी आता अधिकृतपणे ऐकते आहे.

तुझी,
ताई

ता. क. उजव्या कानात चार आवाज खरे ऐकले. डाव्यात एकही नाही. बाकी सगळं कोपर. मी ठरवून गेले नव्हते, मुंगे. आत बसल्यावर समोर ते कोपर दिसलंच नसतं तर बरं झालं असतं. पण हातात बटण, समोर परीक्षक, आणि कागदावर माझ्या नावापुढे फुल्या पडणार, हे सहन होईना. फुली म्हणजे चूक, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय. हे इथेच राहू दे.


रविवार, १५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी अर्धा तास स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. नवीन कानांनी ती आपटलेली भांडी मलाच लागली. मास्तरांनी विचारलं काय झालं, तर म्हटलं ताई पास झाली. ते म्हणाले, मग यात रडण्यासारखं काय आहे.

तू पुन्हा जा. त्या मुलीला सांग की नीट झालं नाही, डोळे मिटून बसते, परत घ्या. मशीन घे. पहिले पंधरा दिवस वैताग येतो, मग आपण त्याला आणि ते आपल्याला सोसतं. सकाळी उठून बटणाएवढी बॅटरी घालायची, लाल खूण उजव्या कानाला, निळी डाव्याला. मी लावायला शिकले म्हणजे कोणीही शिकेल.

तुला कपड्यांची खोली आठवते का? मी सात वर्षांची, गादी ओली केली म्हणून सिस्टरांनी मला चादरींच्या कपाटांमध्ये कोंडलं होतं. तू बारा वर्षांची, पलीकडे दोन भिंती सोडून अभ्यासाला बसलेली. मी तर ओरडतही नव्हते, नुसती दारावर हात मारत होते. सगळा वर्ग बसला होता, पण ऐकलं तूच. दाराबाहेर फरशीवर येऊन बसलीस आणि फुटपट्टीनं दोनदा टकटक केलंस. दोनदा म्हणजे मी इथे आहे. तासभर तू टकटक करत होतीस. असे कान होते तुझे, ताई. त्यांच्याशी खोटं नको बोलूस.

कळावे. लोभ आहे म्हणूनच एवढी चिडले.

तुझी,
मुंगी

ता. क. मी कोणाला सांगणार नाही. सहीच्या खालचं आहे म्हणून. मास्तरांनाही नाही.


रविवार, २२ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

भांडी फुटली असतील तर कळव, माझ्याकडची जुनी पाठवते.

तू समजतेस तशी मी आंधळेपणानं नऊ मुलं सांभाळत नाही. अठ्ठावीस वर्षं मी मुलांचे चेहरे पाहत आले आहे. रडण्याआधी मुलाचा खालचा ओठ पुढे येतो, तो दिसला की मी पोचलेली असते. पडायच्या आधी ते मूल एक क्षण कोणाकडे तरी बघतं. माझी खुर्ची मी भिंतीला पाठ लावून ठेवते, म्हणजे मागे कोणी राहत नाही. दारं सगळी उघडी. कोणी धावलं की फळीची जमीन तळपायाला कळते. दुपारी एकला मावशी गेल्या की नऊ गाद्या ओळीनं घालते आणि समोर बसून तीन वाजेपर्यंत मोजत राहते. एक ते नऊ, पुन्हा एक. ज्यांचे कान शाबूत आहेत त्या बायका मुलं झोपली की मोबाइल बघतात. मी बघत नाही.

बडबडीनं काल माझ्या मांडीवर बसून मोठी हकिकत सांगितली. हातवारे केले, डोळे मोठे केले, मधेच हसली. मी योग्य तिथे अगंबाई म्हटलं. ती खूश झाली. तिला आणि मला याहून जास्त काही नको होतं.

कळावे. राग आवर, लोभ सोडू नको.

तुझी,
ताई

ता. क. मशीनची लाज नाही वाटत. कागदावर एकदा बहिरी असं लिहिलं की आया मुलं काढून नेतील, याची वाटते ती भीती. तुझ्याकडे मास्तर आहेत, ठिबकणारा नळ आहे. मुलं गेल्यावर मशीन लावून मी काय ऐकू?


रविवार, १९ एप्रिल

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

फार दिवसांत पत्र नाही म्हणून तू कळवलंस, खरं आहे. परवाना मिळाला. पंतप्रधान चालायला लागले, दोन पावलं टाकतात आणि टाळ्यांसाठी थांबतात. उकाडा सुरू झाला आहे. खिडक्यांचे पडदे मी निळे बदलले, शिंपीदादांनी शिवून दिले. माझी तब्येत चांगली आहे. मास्तरांच्या गुडघ्याचं काय झालं ते लिही.

कळावे. लोभ होता तसा असावा.

तुझी,
ताई

ता. क. गेल्या मंगळवारची गोष्ट. दुपारी नऊ गाद्या घातल्या, मी समोर बसले. एका दप्तराचा बंद निघाला होता तो शिवत होते. मधून मधून मोजत होते, नऊ भरत होते. नववी बडबडी. तिच्या गादीवर पांघरुणाचा गोळा होता आणि मी त्याला बडबडी समजून मोजत होते.

ती कधीतरी उठून मागच्या खोलीत गेली होती, जिथे आम्ही जास्तीच्या गाद्या ठेवतो. त्या दाराची खिट्टी मुलांचा हात पोचणार नाही इतकी उंच आहे आणि दार लागलं की आपोआप पडते. उघडं राहावं म्हणून मी तिथे वीट ठेवते. त्या दिवशी जमीन पुसताना वीट बाजूला झाली होती.

शिंपीदादांची भिंत त्या खोलीला लागून आहे. त्यांनी शिलाई संपवून मशीन थांबवलं तेव्हा त्यांना ऐकू आलं. ते आले, घंटा वाजवली. मला कळलं नाही. मग ते आत आले. मुंगे, मी मान वर करून त्यांच्याकडे पाहून हसले, आणि मुलं झोपली आहेत म्हणून ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं.

पन्नास मिनिटं. एका पायातला बूट काढून तिनं दारावर मारला होता. बूट पडल्यावर हात मारला असेल, तळवे सुजले होते. चड्डी ओली होती. आवाज उरला नव्हता. नुसतं तोंड उघडत होतं, आणि मला नेहमी दिसते तशीच ती दिसत होती, बोलत असल्यासारखी.

तिच्या आईला मी सांगितलं की दार अडकलं होतं, दोन मिनिटं. शिंपीदादा तिथेच उभे होते. ते जमिनीकडे बघत राहिले. बडबडी रोज येते. दाराजवळ बूट हातात घेऊन बसते. बोलत नाही. मावशी म्हणतात, शहाणी झाली.

तुला सांगितल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं.


रविवार, २६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज वर-खाली काही ठेवत नाही. जे आहे ते सहीच्या वरच लिहिते.

तुझं पत्र बुधवारी आलं. गुरुवारी मी परवाना खात्याच्या बाईंना पत्र टाकलं. तुझं पत्र पाठवलं नाही, मुलीचं काही लिहिलं नाही. एवढंच लिहिलं की या पाळणाघराच्या बाईंची कानाची तपासणी पुन्हा करावी, आणि करताना काच झाकावी. खाली माझं नाव आणि आपलं नातं लिहिलं. निनावी लिहिण्याची माझी छाती नव्हती.

मी शब्द दिला होता, हे मला माहीत आहे. पण त्या हॉस्टेलमधला तो एक रविवार आठव. मला कोंडलं ते तू सहीच्या खाली लिहिलंस. घरी बाबांनी वाचलं आणि बुधवारी ते स्वतः आले, आपल्या दोघींच्या ट्रंका उचलल्या आणि निघाले. सहीच्या खालचं आपण लपवण्यासाठी लिहीत नव्हतो, ताई. कोणीतरी वाचावं आणि यावं म्हणून लिहीत होतो. तुझी ती तीसेक वाक्यं मी बाबांसारखीच वाचली.

चूक माझीही आहे. कोपराची गंमत मीच सांगितली. आणि फेब्रुवारीत मी गप्प बसले. तेव्हा बोलले असते तर ती मुलगी आज बोलत असती.

मशीन घे. मग सगळं नीट होईल, असं मला खरंच वाटतं.

कळावे. लोभ मागण्याचा हक्क उरला असेल तर मागते.

तुझी,
मुंगी


रविवार, ३१ मे

सौ. भगिनी यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. परवाना खात्याच्या बाई ते घेऊनच आल्या होत्या. भल्या वाटल्या. पुन्हा तपासणी झाली. या वेळी त्या मुलीने काचेला आतून वर्तमानपत्र चिकटवले. ती माझ्याकडे बघत नव्हती. पहिल्या वेळी तिने माझे कौतुक केले होते, याची तिलाच लाज वाटत असावी. निळ्या फुल्यांची रेषा कागदाच्या तळाला टेकली.

बाईंनी मला फॉर्मचे दुसरे पान दाखवले. त्यावर लिहिले आहे की श्रवणयंत्र लावून ऐकू येत असल्यास परवान्यास हरकत नाही. ते पान माझ्याकडे जानेवारीपासून होते. मी उलटले नव्हते. परीक्षेत कोणाची मदत घेऊन पास होता येते, असे माझ्या मनातच आले नाही. बाई म्हणाल्या की आधी खरे सांगितले असते तर प्रश्नच नव्हता. आता खोटे प्रमाणपत्र दिल्यामुळे परवाना रद्द होतो आणि पुन्हा मिळत नाही.

त्यानंतर त्यांनी सर्व पालकांना कळवले. मुले आठवडाभरात गेली. बडबडीची आई आली तेव्हा तिने मला एकच विचारले, खरे किती वेळ. मी पन्नास मिनिटे म्हटले. तिने खुंटीवरचे दप्तर काढले, मुलीला कडेवर घेतले आणि गेली. माझ्यावर ओरडली असती तर मी ओठांवरून समजून घेतले असते. शेवटी पंतप्रधान गेले. त्यांचा राजीनामा मावशींनी स्वीकारला, मी आतल्या खोलीत होते.

मशीन वीस तारखेला मिळाले. उत्तम चालते. सूचनेबद्दल आभार.

कळावे. लोभाविषयी काही लिहीत नाही.

आपली,
थोरली बहीण

ता. क. इथे तरी तू म्हणते.

मशीन लागल्यावर घरी आले. पहिलं काय ऐकलं असेल तर शिंपीदादांची शिलाई. अठ्ठावीस वर्षं मला वाटत होतं की भिंत जाड आहे. नंतर वाऱ्यानं खुंटीवर मागे राहिलेल्या एका रिकाम्या दप्तराचे बंद भिंतीवर घासले, तेही ऐकलं. तू म्हणाली होतीस तसं वर्तमानपत्र पत्र्यासारखं वाजतं.

दुसऱ्या दिवशी मावशी हिशेब करून सामान न्यायला आल्या. मी त्यांना विनवलं की एकदा मागच्या खोलीत जा, दार लावून घ्या आणि लहान मूल मारेल तशी हातानं थाप मारा. त्या नको म्हणत होत्या, पण गेल्या. मी माझ्या खुर्चीत बसले, भिंतीला पाठ लावून. पहिलीच थाप ऐकू आली. मग दुसरी. मी उठले नाही. त्या थांबेपर्यंत बसून ऐकत राहिले. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, पाच मिनिटं झाली होती.

जानेवारीत मी पान उलटलं असतं तर पहिल्या थापेला उठले असते. हे मला आता रोज ऐकू येतं. मशीन काढलं तरी येतं.

तुझ्या पत्रातला एक मुद्दा राहिला. बाबांनी वाचलं, ते आले आणि त्यांनी आपल्याला घरी नेलं. तू वाचलंस आणि खात्याला कळवलंस. आली नाहीस. एका गाडीचा तर रस्ता आहे.

हा माझा शेवटचा ता. क.


रविवार, ७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आले होते. तुला माहीत आहेच.

मी घंटा वाजवली. दाराशेजारच्या खिडकीचा निळा पडदा अर्धा सरकलेला होता, त्यातून तू खुर्चीत बसलेली दिसलीस. घंटा वाजल्यावर तू मान वर केलीस. म्हणजे मशीन उत्तम चालतं. मग तू उजव्या कानातलं काढलंस, टेबलावर ठेवलंस. डाव्या कानातलं काढलंस, त्याच्या शेजारी ठेवलंस. आणि हात मांडीवर घेऊन बसलीस. मी दारावर दोनदा टकटक केलं. तुझी फुटपट्टी करायची तसं, थोडं थांबून पुन्हा दोनदा. किती वेळ करत होते ते मोजलं नाही. शिंपीदादा बाहेर आले, त्यांनी मला पाणी दिलं.

तू म्हणतेस ते खरं आहे. पत्र टाकण्याआधी मला यायला हवं होतं. मला वाटलं, तुझ्या तोंडावर मला बोलता येणार नाही. तुझ्यासमोर मी अजून सात वर्षांची होते. म्हणून लिहिलं. लिहिणं सोपं होतं, आपल्याला तेच शिकवलं होतं.

इथे ये. मास्तर पुढची खोली रिकामी करून बसले आहेत. नाही आलीस तरी लिही. शिव्या दे, मी मेले म्हण, काहीही लिही, पण सहीच्या खाली लिही. वरचं मला नको आहे.

कळावे. लोभ नसला तर नसू दे, पण खरं असावं.

तुझी,
मुंगी

ता. क. मी इथे आहे.


रविवार, २१ जून

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. आनंद झाला. मी मजेत आहे. इकडे हवा चांगली आहे. जेवण चांगले असते. मशीन चांगले आहे, ते मी रोज वेळेवर लावते. शेजारी प्रेमळ आहेत. मावशी अधूनमधून येतात. खोल्यांना रंग द्यायचा विचार आहे. मास्तरांना नमस्कार. तुझी तब्येत सांभाळ.

काळजी नसावी.

कळावे. लोभ आहेच असे समजावे.

तुझी,
ताई